कुलिंग टॉवरचं पाणी: या चुका टाळा

टॉवरमधून वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बहुतेक लॉगबुकात रोज टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा) एकच आकडा लिहून विषय संपतो.

त्या एका आकड्यावर विसंबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. समजा मेकअप पाण्यात (गेलेल्या पाण्याच्या जागी भरलेल्या ताज्या पाण्यात) क्लोराइड ५० पीपीएम आणि टॉवरमध्ये २५०, म्हणजे ५ सायकल झाल्या, क्षार पाचपट दाट झाले. मेकअपचा कॅल्शियम हार्डनेस १२० असेल तर टॉवरमध्ये ६०० च्या आसपास यायला हवा. तो ४३० दाखवत असेल तर "हार्डनेस कमी आला" म्हणून खूश होऊ नका. उरलेलं कॅल्शियम कुठेतरी चिकटतंय, आणि आधी शंका घ्यायची ती कंडेन्सरच्या नळ्यांवर, जिथे टॉवरचं पाणी उष्णता घेतं. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे खर (क्षारांचा कडक थर) सर्वांत गरम जागी आधी धरतो. फक्त हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) भरपूर टाकत असाल तर क्लोराइड त्यानेही वाढतं. अशा वेळी टॉवर आणि मेकअपमधल्या मॅग्नेशियमचं गुणोत्तर ताडून पाहा.

दुसरी चूक, पाणी वाचवायच्या नादात सायकल वाढवत नेणं. ब्लोडाउन, म्हणजे क्षार आटोक्यात ठेवायला मुद्दाम सोडून दिलेलं पाणी, येतं बाष्पीभवन भागिले (सायकल उणे १) इतकं; बाष्पीभवन अधिक ब्लोडाउन म्हणजे मेकअप. ताशी १० घनमीटर वाफ होत असेल तर ३ सायकलला मेकअप १५ लागतं, ६ ला १२, आणि १० ला ११.१. शेवटच्या त्या जेमतेम एका घनमीटरसाठी सिलिका आणि क्लोराइड कुठवर चढवायचं, ते नळ्यांचा धातू पाहून ठरवा.

उलट तक्रारही येते: ब्लोडाउन बंद, तरी टीडीएस चढत नाही. आधी टीडीएस मोजणारा प्रोब पुसा आणि हातातल्या मीटरने ताडून बघा. रीडिंग बरोबर निघालं तर पाणी कुठून जातंय ते शोधा. पंप बंद करून बेसिनजवळ उभे राहा. फ्लोट व्हॉल्व्ह वर लावलेला असेल तर पाइपातलं परत आलेलं पाणी ओव्हरफ्लोमधून वाहताना डोळ्यांना दिसेल. त्याबरोबर केमिकलही जातं.

बायोसाइड (शेवाळ-जिवाणू मारणारं रसायन) टाकलं आणि लगेच ब्लोडाउन उघडला, हाही पैसा गटारात. डोसच्या आधी टीडीएस थोडा खाली आणा, मग काही तास ब्लोडाउन लॉक ठेवा. आणि पीएच ८.५ च्या वर असेल तर हायपोचा जोर बराच उतरलेला असतो. तिथे नुसता डोस वाढवण्यापेक्षा ब्रोमीनवर जाणं बरं.