सामुदायिक विकीवर स्वयंसेवकाला संपादनाचा अधिकार कसा द्यावा

जळगाव-धुळ्याकडचे आम्ही काही जण एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची मराठी मदतपाने मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या प्रणालीवर, सांभाळतो. मीडियाविकी मुळात कोणालाही लिहू देते. पण जाहिरातींचा कचरा येऊ लागला की लहान गटाला संपादन बंद करून निवडक स्वयंसेवकांपुरते उघडे ठेवावे लागते.

त्यासाठी सर्व्हरवरील लोकलसेटिंग्ज (LocalSettings.php) या मांडणीच्या फाइलमध्ये ‘संपादक’ हा वेगळा गट तयार करावा. मीडियाविकीत अधिकारांची बेरीज होते, म्हणजे सदस्याच्या कोणत्याही एका गटाला परवानगी असली तरी ती त्याला मिळतेच. म्हणून संपादनाची परवानगी अनामिक वाचक आणि सर्व नोंदणीकृत सदस्य या दोन्ही गटांकडून काढून ‘संपादक’ गटाला द्यावी. ती प्रचालकांच्या, म्हणजे विकीची देखभाल करणाऱ्या अ‍ॅडमिनांच्या, गटालाही आठवणीने द्यावी, नाहीतर प्रचालकांनाच लिहिता येत नाही.

यानंतर स्वयंसेवकाने स्वतःचे खाते उघडावे. सामायिक खाते कधीही देऊ नये, कारण मग इतिहासात कोणी काय बदलले हे कळत नाही. सदस्यनाव त्याच्याकडून लिहून घ्यावे आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. खान्देशात पाटील किती! ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ अशी दोन खाती असताना मी एकदा भलत्यालाच अधिकार देऊन बसलो होतो आणि खरा स्वयंसेवक दोन दिवस खोळंबला.

आता विशेष पानांतील सदस्य-अधिकारांच्या पानावर जाऊन, सदस्यनाव भरून ‘संपादक’ गटापुढे खूण करावी. मूळ मांडणीत हे काम प्रचालकाला नव्हे, तर त्याच्या वरच्या प्रशासकाला करता येते. कारणाच्या रकान्यात दोन शब्द अवश्य लिहावेत, कारण ते नोंदीत कायम राहतात. मीडियाविकीच्या २०१७ मधील १.२९ आवृत्तीपासून अधिकाराला मुदत घालता येते. आम्ही नव्या माणसाला सहा महिन्यांची मुदत देतो. रावेर-यावलकडचा एखादा स्वयंसेवक केळीच्या कापणीत महिना-दोन महिने फिरकला नाही, तरी त्याचा अधिकार घाईने काढू नये. परतल्यावर मुदत वाढवून द्यावी.

पहिले संपादन मात्र फोनवर सोबत राहून धूळपाटीवर (सरावासाठीच्या पानावर) करवून घ्यावे, त्यात पानाची जुनी आवृत्ती परत कशी आणायची तेही दाखवावे. आपली चूक आपल्याला दुरुस्त करता येते हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस न घाबरता लिहितो. पुढचे काही आठवडे ‘अलीकडील बदल’ रोज पाहावेत आणि चूक दिसल्यास ती परस्पर उलटवण्याआधी स्वयंसेवकाच्या चर्चापानावर कारण लिहावे.