पोर्टल चालू, काम बंद: सरकारी डिजिटल प्रकल्पांत या चुका टाळा

"फाइल कुठंय?" असं विचारलं की पूर्वी उत्तर यायचं, "साहेबांच्या टेबलावर." आता येतं, "साहेबांच्या लॉगिनला पडलीय."

तलाठी आणि सेवा केंद्र चालकांना प्रशिक्षण द्यायचं काम मी बरीच वर्षं केलं. तक्रार नेहमी एकाच नावानं येते: 'सॉफ्टवेअरमध्ये प्रॉब्लेम आहे.' जाऊन बघावं तर सॉफ्टवेअर ठणठणीत असतं. अमुक गोष्ट कोणी ठरवायची, हेच कोणी ठरवलेलं नसतं. खाली महाराष्ट्रातलीच उदाहरणं घेतली आहेत, कारण ती जवळून पाहिली.

आधी टाइप, मग तपासणी

राज्यात सातबारे आहेत सुमारे अडीच कोटी. हस्तलिखित उतारे संगणकावर चढवताना एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी 0.81 हेक्टरचे 8.10 होतात. मग खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नाही, आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, अडतो. आमच्या ओळखीच्या एका आजोबांचं उलटं झालं, त्यांची जमीन कमी लागली. ते प्रत्येक खेपेला जुना पिवळा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचे. शेवटी वैतागून म्हणाले, "बाळा, पेनानं बरोबर होतं ते कॉम्प्युटरनं चुकवलं, आणि दुरुस्तीला चकरा मी मारायच्या?"

याला महसूल खात्यानं शोधलेला उपाय मला आजही आवडतो: चावडी वाचन. संगणकातले उतारे छापून गावात मोठ्यानं वाचायचे, हरकती तिथंच टिपून घ्यायच्या, मग तलाठ्यानं मूळ दप्तराशी ताडून दुरुस्ती करायची. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळायला लागला तो त्यानंतर, 1 मे 2018 पासून. क्रम बघा: वाचन, दुरुस्ती, मग सही. सही आधी झाली असती तर चुकीवरच सरकारी शिक्का बसला असता.

तरीही चुका उरतातच. लेखनप्रमादाची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांच्या आदेशानं दुरुस्त होते. सातबाऱ्याला निदान हे कलम आहे. नव्या योजनेच्या पोर्टलला बहुतेक वेळा काहीच नसतं. नाव चुकलं तर केंद्रचालक म्हणतो तालुक्याला जा, तालुका म्हणतो जिल्ह्याला मेल करा, जिल्हा म्हणतो वरून आलेला डेटा आहे. म्हणून पोर्टल सुरू करण्याआधी एका कागदावर लिहून काढा: चूक कोण दुरुस्त करणार, कोणत्या आदेशानं, किती दिवसांत. हा कागद भरता येत नसेल तर उद्घाटनाची तारीख पुढे ढकला. मंत्रिमहोदयांचा कार्यक्रम ठरला असला तरीही. (हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे.)

सरकारकडे असलेली माहिती लोकांकडून पुन्हा भरून घेणं

कर्जमाफीचे दोन प्रयोग शेजारी ठेवले की हे कळतं. 2017 मध्ये शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे होते. केंद्रांवर रांगा लागल्या, माणसं रात्री उशिरापर्यंत बसून राहिली. मग अर्जातली माहिती आणि बँकांनी दिलेली माहिती जुळेना. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे निघाला. दिवाळीत, 18 ऑक्टोबरला, प्रमाणपत्रं वाटून झाली. पैसे खात्यात पडायला मात्र बराच वेळ गेला.

पुढच्या कर्जमुक्ती योजनेत अर्जच नव्हता. 30 सप्टेंबर 2019 रोजी थकीत असलेल्या खात्यांची माहिती बँकांनी चढवली. फेब्रुवारी 2020 पासून याद्या लागू लागल्या. प्रत्येक नावापुढे एक विशिष्ट क्रमांक होता. तो घेऊन शेतकऱ्यानं केंद्रावर जायचं, रक्कम बघायची, आधारनं ओळख पटवायची. रक्कम मान्य नसेल तर तसं तिथंच नोंदवायचं. ते प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जायचं. यंत्रणा तीच, केंद्रं तीच, शेतकरीही तेच. बदललं ते इतकंच, की माहिती ज्याच्याकडे आहे त्यानं ती द्यायची आणि शेतकऱ्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. एस्टोनियात तर एकाच माहितीसाठी दोन वेगळे डेटाबेस उभारायला कायद्यानंच मनाई आहे.

साहेबांचा डोंगल कारकुनाच्या खणात

सही कागदावर असती तर कोणी दुसऱ्याला करू दिली नसती. पण डिजिटल सहीचा डोंगल (संगणकाला लावायचं छोटं उपकरण) आणि त्याचा पिन सर्रास ऑपरेटरकडे असतो, पिन बहुधा मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. कारणही खरं असतं. एका अधिकाऱ्याकडे दोन-दोन पदांचा कार्यभार, दिवसभर दौरे, आणि रोज शेकडो दाखले. तेव्हा फक्त ताकीद देऊन भागत नाही. सहीचे अधिकार खालच्या अधिकाऱ्याकडे रीतसर सोपवा, त्याला स्वतःचा डोंगल द्या, आणि बदली झाली की जुनं लॉगिन त्याच दिवशी बंद करा.

शेवटच्या तारखेचा सर्व्हर

2023 च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. लोक शेवटच्या आठवड्यात येणार हे पेरणीइतकंच ठरलेलं असतं. क्षमता सरासरी दिवसाची नाही, शेवटच्या दिवसाची मोजा. तालुक्यानुसार मुदती वेगळ्या ठेवता आल्या तर आणखी बरं.

डॅशबोर्ड हिरवा, माणूस दारात

ही चूक सगळ्यात चिवट. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. सेवेला मुदत ठरली, अपील आलं, कसूर केल्यास 500 ते 5,000 रुपये दंड आला. प्रकरण मुदतीबाहेर गेलं की डॅशबोर्डवर, म्हणजे कामाची स्थिती दाखवणाऱ्या पडद्यावर, लाल दिसू लागलं. यावर एका कार्यालयात निघालेला तोडगा मी स्वतः पाहिला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी अर्जावर 'त्रुटी' असा शेरा मारून तो परत पाठवायचा. अर्जदार पुन्हा भरतो, घड्याळ पुन्हा शून्यापासून. अहवालात शंभर टक्के वेळेत.

हे पकडायचं असेल तर प्रलंबित अर्जांची संख्या बघून उपयोग नाही. एकच माणूस त्याच दाखल्यासाठी किती वेळा आला ते काढा. त्रुटी एकदाच आणि सगळ्या एकत्र काढायच्या, असा नियम सॉफ्टवेअरमध्येच घाला. आम्ही त्या कार्यालयाची तशी यादी काढली तेव्हा पहिल्या पानावर एक नाव पाच वेळा होतं. पहिल्या चारही वेळा शेरा एकच होता: 'फोटो अस्पष्ट.' फोटो पाचही वेळा तोच होता. पाचव्यांदा तो चालला.