शेड गार ठेवायचं असेल तर सोलर कसं बसवावं

मे महिन्यात वाळूज असो, शेंद्रा असो की जालना, दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पंखा असून नसल्यासारखा. तापलेला पत्रा वरून झळा मारतो आणि पंखा तीच हवा फिरवत बसतो. छपरावर सोलर पॅनेल लावले की पत्र्यावर मांडव घातल्यासारखी सावली पडते, झळ कमी होते. पण कसेही लावले तरी शेड गार होईल असं जो सांगतो, त्याला फक्त पॅनेल विकायचे आहेत.

कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि पर्लिन (त्यांच्यावरचे आडवे दांडे, ज्यांवर पत्रे बसतात) वजन पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. गंजलेले पत्रे आधी बदला आणि पांढरा रंगही आधीच मारा. नंतर पॅनेलखाली ब्रश जात नाही. सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोकं पाडू नका.

जागा निवडताना ठेकेदार दक्षिणेचं पाखं, म्हणजे छपराची त्या बाजूची उतरण, धरून बसतो. विजेपुरतं ते ठीक. पण मे महिन्यात मराठवाड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, उतार कमी असलेलं उत्तरेचं पाखंही तितकंच तापतं. म्हणून माणसं जिथे दिवसभर उभी असतात, त्या भागावर आधी पॅनेल घ्या. उत्तरेकडे वर्षाची वीज थोडी कमी मिळेल, मिळू द्या.

आता खरी मेख. पॅनेलवर पडलेल्या उन्हातला साधारण पाचवा हिस्साच विजेत जातो. उरलेल्यातलं बहुतेक पॅनेल तापवतं. ते पत्र्याला चिकटून असेल तर तीच उष्णता खाली उतरते. वर पॅनेलचंही नुकसान: पॅनेल २५ अंशांच्या पुढे तापलं की दर अंशाला वीज ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. माझ्या शेडवर यावरून बरीच हुज्जत झाली. ‘सगळीकडे बुटक्या क्लिपाच लावतात’ हे ठेकेदाराचं एकच पालुपद. ऐकू नका. पत्रा आणि पॅनेल यांच्यात १० ते १५ सेंटिमीटर मोकळं ठेवा आणि तो आकडा वर्कऑर्डरमध्ये लिहून घ्या.

नुसती फट ठेवूनही भागत नाही. गरम हवा उताराने आढ्याकडे चढते, म्हणजे खालून शिरायला आणि वरून निघायला तोंड हवं. पन्हळीपासून आढ्यापर्यंत सलग पॅनेल ठोकू नका. मध्ये पट्टा सोडा, धुवायला माणूसही तिथूनच जाईल. पारव्यांसाठी जाळी लावा, पण पत्र्याची पट्टी मारून कडा बंद करू नका. वारा पडलेला असताना खालच्या कडेला उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर काम बरोबर.

उंची वाढवायचा मोहही नको. वळवाचं वारं खालून शिरलं की पॅनेल उचलतं. छपराच्या कडा मोकळ्या सोडा, स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावरूनच आणि थेट पर्लिनमध्ये जाऊ द्या, खाली रबरी वॉशर. खोलगट भागात मारलेला स्क्रू पहिल्याच पावसात गळतो.

टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्यावर फिरून आतली गरम हवा बाहेर काढणारे छपरावरचे घुमट) आणि उजेडाचे पारदर्शक पत्रे झाकू नका. महावितरणची नेट मीटरिंगची (जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करून घ्यायची) कागदपत्रं ठेकेदारच करतो.

धुणं पहाटे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, ते वाळायच्या आत पुसून घ्या.

रात्रपाळी चालत असेल तर खिडक्या उघड्या ठेवा, कारण पॅनेलखालचा पत्रा रात्री उघड्या पत्र्यापेक्षा सावकाश निवतो.