जुन्या जीपची चासी आणि खालचं काम कसं जुळवावं

बॉडी उतरलेली आहे, चासी सँडब्लास्ट होऊन तिच्यावर प्रायमर लागला आहे, सुटे भाग डिझेलने धुऊन खोक्यांत नावं घालून ठेवले आहेत. हा लेख इथून पुढचा आहे. गाडी म्हणजे ८० इंची व्हीलबेसची पेट्रोल सीजे-३बी. एफ-हेड (एक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक ब्लॉकमध्ये) हरिकेन इंजिन उंचीला जास्त, म्हणून बॉनेटही उंच. अमेरिकेत विलिजने (१९६३ पासून नाव कैसर जीप) हे मॉडेल १९५३ ते १९६८ एवढंच काढलं. महिंद्राने मात्र ते आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं बनवलं, आणि त्यामुळेच कुर्ल्यात किंवा पुण्याच्या पेठांत अजून याचा माल मिळतो. घेताना फक्त पारखून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. चासीवर कोरलेल्या नंबराला ग्राइंडर लावू देऊ नका. सँडब्लास्टवाल्याकडे चासी देताना त्या जागेवर जाड टेप लावून द्या आणि स्वतः उभे राहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळे बदल करायला मनाई) आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल बघता, दुसरी चासी, दुसरं इंजिन, वेगळे एक्सल असले प्रयोग म्हणजे आरटीओत हेलपाटे. ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर मूळ रूप राखणं त्याहून महत्त्वाचं. जीप आहे तशीच छान असते, तिला कुणाच्या कल्पनाशक्तीची गरज नाही.

चासी चार घोड्यांवर (स्टँडवर) समपातळीत घ्या आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरच्या भोकांपासून कर्ण मोजा, म्हणजे पुढचा डावा ते मागचा उजवा आणि त्याच्या उलट. दोन मापांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुढचं काहीही लावू नका, आधी चासी सरळ करून आणा. मग प्रत्येक रिव्हेटवर हातोडीने टकटक करा. घट्ट रिव्हेट खणखणीत वाजतो, सैल झालेला बद्द वाजतो. सैल रिव्हेटवर वेल्डिंगचा टाका मारायचा नाही. तो छाटून काढा, भोक रीमर करून बरोबर मापाचा हाय टेन्साइल बोल्ट घाला. पुढच्या क्रॉसमेंबरवर, जिथे स्टिअरिंगचा बेलक्रँक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे वळवणारी तरफ) बसतो, तिथे चीर आहे का ते भिंग घेऊन बघा.

पाटे सोपे आहेत. फक्त दोन गोष्टी. पहिली, "एक पाटा वाढवून घ्या, गाडी उंच दिसेल" हा सल्ला ऐकू नका. वाढवलेल्या पाट्याने बाक बदलतो, बाक बदलला की एक्सलचा कॅस्टर (किंगपिनचा मागे-पुढे कल) बदलतो, आणि मग स्टिअरिंग सोडल्यावर चाकं स्वतःहून सरळ येत नाहीत. दुसरी, या गाडीचे शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) आट्यांचे असतात आणि त्यांतल्या काहींचे आटे उलटे असतात. उलट्या आट्याच्या शॅकलवर फोर्जिंगमध्येच छोटा उंचवटा असतो, तो हाताला लागतो. वरचा आणि खालचा बुश आलटूनपालटून सारखा आत न्यायचा. खालच्या बुशाची कड पाट्याच्या डोळ्याला घासता कामा नये, किंचित फट ठेवा. सगळं कडक आवळून टाकलं तर शॅकल हलतच नाही आणि गाडी बैलगाडीसारखी आपटते. यू-बोल्ट आत्ता हातापुरतेच. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर.

आता पुढच्या एक्सलची नकल, म्हणजे एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग. जिथे लोक घाई करतात आणि वर्षभर रडतात, ती ही जागा. मला स्वतःला हे काम हाताशी यायला फार वेळ लागला, कारण ज्यांना विचारलं ते सगळे एकच सांगायचे: बेअरिंग नवीन टाक, ग्रीस भर, टोप्या आवळ, झालं.

तसं होत नाही. ताशी ४०-५० च्या वेगात एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागतात आणि ब्रेक मारून गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय थरथर थांबत नाही, ही तक्रार प्रत्येक जीपवाल्याला माहीत आहे. त्यावर गॅरेजमध्ये पहिला इलाज टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्याचं टोक), दुसरा इलाज चाकांचं बॅलन्सिंग, तिसरा इलाज बाहेरून स्टिअरिंग डॅम्पर. डॅम्पर लावल्याने थरथर लपते, जात नाही. बहुतेक वेळा दोष किंगपिनच्या (नकल ज्यावर वळते त्या खिळीच्या) बेअरिंगवर ताण नसण्यात असतो.

प्रत्येक नकलला वर एक आणि खाली एक अशी दोन टेपर बेअरिंग असतात. ती चाकाच्या बेअरिंगसारखी गोल फिरत नाहीत, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, आणि बहुतेक वेळ सरळ एकाच जागी. त्यामुळे रोलर कपात (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात) त्याच जागी खळगे पाडतात. कप स्वच्छ पुसून त्यावरून नख फिरवा. नख अडलं तर कप गेला. नवीन बेअरिंग जुन्या कपात बसवणारा मिस्त्री तुमचे पैसे वाचवत नाही, बेअरिंग आणि कप जोडीनेच बदलायचे. जुना कप काढायला पितळी ड्रिफ्ट वापरा आणि सगळ्या बाजूंनी थोडं थोडं ठोका, तिरका झाला तर घर खराब होतं.

मग नकल बसवा, पण ऑईल सील आणि नमदा (फेल्टची पट्टी) न लावता. हे फार महत्त्वाचं आहे. एक्सल शाफ्टही आत घालू नका आणि टाय रॉड सुटा ठेवा. किंगपिनच्या वरच्या आणि खालच्या टोपीखाली सारख्या जाडीचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घाला. शिम ०.००३, ०.००५, ०.०१० आणि ०.०३० इंच अशा जाडीत येतात. टोप्यांचे बोल्ट पूर्ण आवळा, बेअरिंग जागेवर बसावं म्हणून नकल या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवा. आता नकलच्या हातात टाय रॉडसाठी जे भोक आहे त्यात ताणकाट्याचा आकडा अडकवा आणि हाताशी काटकोनात, सावकाश ओढा. सुरुवातीच्या झटक्याला काटा जास्त दाखवतो, तो धरायचा नाही. नकल फिरत असताना काटा जिथे स्थिर राहतो ते माप. ते १२ ते १६ पौंड, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात किलो यायला हवं. कमी आलं तर शिम काढा, जास्त आलं तर घाला.

शिम काढताना वरून जेवढा काढला तेवढाच खालून काढा. सगळे शिम एकाच बाजूने काढले तर ताण बरोबर येईल, पण नकल वर किंवा खाली सरकेल आणि शाफ्ट मधोमध राहणार नाही. मग आतला जॉईंट आणि बुश लवकर संपतात, आणि दोष कशाचा ते कळतही नाही.

सील लावून मोजू नका असं मी का म्हणतो? नवीन सील आणि नमदा एक्सलच्या गोळ्याला कडक धरतात. काट्यावर आकडा छान दिसतो, नकल हाताला घट्ट लागते, सगळे खूश. काहीशे किलोमीटरनंतर सील बसतं, घासण कमी होतं, आणि खाली बेअरिंग पहिल्यापासून सैलच होतं हे उघडं पडतं. थरथर परत येते आणि माणूस टाय रॉड एंडला दोष देतो. सील नसताना आलेलं माप हेच खरं माप. सील चढवल्यावर नकल जड फिरते, ती फिरू द्या, शिमना हात लावू नका.

सील लावण्याआधी तो गोळा बघा. गंजाचे खड्डे असतील तर बारीक पॉलिश पेपरने इतका गुळगुळीत करा की कापसाचा धागा अडकणार नाही. खड्डे खोल असतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या जवळच्या चांगल्या लेथवाल्याकडे दाखवा. वर कितीही महागडं सील लावलं तरी खडबडीत गोळ्यावर ते टिकत नाही. आत भरायला घट्ट चासी ग्रीस नको. जॉईंट फिरला की ते बाजूला सरकतं आणि परत येत नाही. पातळ ग्रीस भरा.

डावी-उजवी दोन्हीकडे हेच करा, आणि दोन्हीचं माप एकमेकांच्या जवळ ठेवा.

स्टिअरिंगला बेलक्रँकच्या बेअरिंगमध्ये खेळ शून्य हवा. या गाडीला बेलक्रँकपासून दोन वेगळे टाय रॉड निघतात, त्यामुळे टो-इन (चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) एकाच बाजूने ओढून काढू नका, नाहीतर स्टिअरिंग बॉक्स मध्यावर राहत नाही. टो-इन ३/६४ ते ३/३२ इंच, कॅस्टर ३ अंश, कॅम्बर (चाकाचा वरून बाहेर कल) दीड अंश. कॅम्बर आपल्या हातात नाही. तो चुकला असेल तर एक्सल वाकला आहे, किंवा किंगपिनचं काम नीट झालेलं नाही.

ब्रेकची लाईन एकच आहे, पुढे-मागे वेगळी नाही. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून तांब्याची नळी आणि त्यावर डागलेले जोड चालणार नाहीत. स्टीलची नळी, दुहेरी फ्लेअर (नळीचं तोंड दुमडून पसरवलेलं), आणि चासीला दर फुटावर क्लिप.

इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) एकत्र जोडूनच उतरवा. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत, स्लिप जॉईंटवरचे बाण जुळवून घाला. या गाडीचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या शाफ्टवर काम करतो. मागचा शाफ्ट काढलेला असताना हँडब्रेक ओढून गाडीखाली जाऊ नका. तो काहीही धरत नाही, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावाच.

चाकं चढवताना डाव्या बाजूचे नट बघून घ्या. बऱ्याच जुन्या जीपना त्या बाजूला उलटे आटे असतात, आणि लांब पान्यावर उभं राहून उलट्या दिशेने जोर लावणारा माणूस स्टड मोडतो.

गाडी जमिनीवर आली की यू-बोल्ट आवळा, तेही आडवे-तिडवे, एकाच बाजूने नाही. पहिल्या फेरीला दहा-बारा किलोमीटर जा, थांबा आणि चारही हबवर हात ठेवा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर त्याचं बेअरिंग जास्त आवळलं आहे किंवा ब्रेक घासतोय. यू-बोल्ट आणि किंगपिनच्या टोप्यांचे बोल्ट २०० किलोमीटरनंतर पुन्हा बघा.