संकटकाळात विश्वासात वाढायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी

घरात दीर्घ आजारपण असते, नोकरी गेलेली असते, कर्जाचे हप्ते थकलेले असतात किंवा भावाभावांत जमिनीवरून अबोला असतो, तेव्हा मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, माणसे बहुधा सर्वांत आधी उपकारस्तुती करण्याचा सल्ला देतात. सल्ला शास्त्राला धरूनच असतो, पण ती पहिली पायरी नव्हे. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे विलापाची मानली जातात. म्हणजे देवापुढे गाऱ्हाणे मांडणे हा अविश्वास नसून प्रार्थनेचाच एक जुना प्रकार आहे.

म्हणून पहिल्या दिवशी तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचावे. त्याच्या पहिल्या दोन वचनांत ‘हे कोठवर’ असा प्रश्न चार वेळा येतो, मग विनंती येते आणि शेवटीच भरवशाचे शब्द येतात. त्याच क्रमाने कागदावर स्वतःचे स्तोत्र लिहावे आणि त्यात मोघम काही ठेवू नये. ‘प्रभू, मी दुःखी आहे’ यापेक्षा ‘प्रभू, बाबांच्या डायलिसिसचा दिवस आला की पैशांवरून घरात भांडण होते, मी गप्प बसतो आणि मनातून बाबांवरच रागावतो’ हे वाक्य अधिक उपयोगी असते, कारण दुःखाच्या आड लपलेला राग त्यात उघडा पडतो आणि देवापुढे नेमके काय न्यायचे ते कळते. भरवशाची ओळ सुचली नाही, तर ती जागा कोरी सोडावी. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

त्यानंतर एक भेद प्रामाणिकपणे करावा लागतो: हे संकट आपल्यावर आले आहे, की हा गुंता आपणच करून ठेवला आहे? दारू, लपवलेले कर्ज किंवा मोडलेला शब्द यांतून उद्भवलेल्या अडचणीला ‘देव माझी परीक्षा पाहत आहे’ असे म्हणणे ही पळवाट होय. तेथे पश्चात्तापाचे एक्कावन्नावे स्तोत्र आणि शुभवर्तमानातील जकातदार जक्कयाचा मार्ग लागू पडतो. त्याने केवळ पश्चात्ताप व्यक्त केला नाही, तर ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत देण्याची तयारी दाखवली. याउलट, आजार किंवा मृत्यू यांसारख्या दुःखामागे कोणाचे पाप आहे हे शोधत बसू नये. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा येशूने त्या माणसाला किंवा त्याच्या आईबापांना दोष दिला नाही. जुन्या करारातील दुःखग्रस्त ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले तोवर सारे ठीक होते. कारणे सांगू लागल्यावर मात्र ते चुकले.

रोजची उपासना अशा दिवसांत लहान ठेवावी. मार्काच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग आणि प्रभूची प्रार्थना एवढे पुरे आहे. शब्दच फुटत नसतील, तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौलाने सांगितले आहे की, आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. त्या दिवशी नुसते बसून राहावे.

एकट्याने हे सारे पेलण्याचा आग्रह धरू नये. गेथशेमाने बागेत येशूनेही तीन शिष्यांना जवळ राहून जागे राहण्यास सांगितले होते. मात्र माणूस पारखून निवडावा, कारण प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट रविवारपर्यंत साऱ्या मंडळीत पसरल्याचा अनुभव पुष्कळांना असतो. पाळक, जुने वडीलधारे किंवा तोंड बंद ठेवणारी एखादी मैत्रीण यांपैकी एकच व्यक्ती पुरते. झोप उडाली असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. नवऱ्याची मारहाण ‘वधस्तंभ’ समजून सोसण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये आणि आधी सुरक्षित जागी जावे.

वाढ कधी दिसेल, हा प्रश्न उरतो. पौल संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम सांगतो, पण त्याला लागणारा काळ सांगत नाही. पंडिता रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व बहीण गमावली आणि 1882 मध्ये पतीही पटकीने गेले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली-विधवा आणल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना आश्रय दिला. पतीच्या मृत्यूपासून या कामापर्यंत चौदा वर्षे गेली, आणि उपाशी मुलीची अवस्था त्यांना कोणी समजावून सांगावी लागली नसणार. म्हणून आपल्या दुःखातून सेवा निघावी अशी घाई करू नये. पण ज्या वाटेने आपण गेलो त्याच वाटेवर दुसरे कोणी भेटले, तर दवाखान्याच्या बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसावे, डबा पोहोचवावा, आणि त्याने विचारल्याशिवाय आपल्या विश्वासाच्या अनुभवाची साक्ष सांगू नये.