उणे एक अँपिअर

सर्किटच्या पेपरात मी एकदा गचकले आहे, हे आधीच सांगून टाकते. किर्कहॉफचे दोन्ही नियम पाठ होते: केसीएल (सांध्यात जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो) आणि केव्हीएल (बंद वाटेवर एक फेरी मारली की व्होल्टची बेरीज शून्य). नाशिकच्या सातपूरहून सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्या उभ्या गणितं सोडवायचे. तरी केटी (नापास विषयाचा पेपर पुन्हा देणं) लागली, ती एका उणे चिन्हापायी.

गणित असं: डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी, तिच्या सिरीजमध्ये २ ओहम. उजवीकडे ६ व्होल्टची, तिलाही २ ओहम. दोघींचं प्लस वरच्या नोडकडे, म्हणजे तारा जुळतात त्या सांध्याकडे. नोडपासून खाली, मधोमध ८ ओहम. दोन्ही करंट नोडकडे येतात असं धरून बाण काढले. मधला करंट म्हणजे डावा अधिक उजवा. डावा आला २ अँपिअर, उजवा उणे १. इथे मी घाबरले. बॅटरीतून उणे करंट कसा निघेल? उणे खोडलं, बाण उलटा केला आणि बेरीज मात्र जुन्याच समीकरणात केली. मधला ३ अँपिअर, म्हणजे ८ ओहमवर २४ व्होल्ट! १२ आणि ६ एकापुढे एक जोडल्या तरी १८ च होतात, एवढंही सुचलं नाही.

बाण हा अंदाज असतो, चुकला तरी काही बिघडत नाही. उणे म्हणजे करंट बाणाच्या उलट वाहतोय, बस. एकदा काढलेला बाण शेवटपर्यंत हलवू नका आणि आकडा उण्यासकट पुढे न्या. २ मधून १ गेला, मधला १ अँपिअर, नोडला ८ व्होल्ट. डावीकडून पडताळा: १२ वजा ४, आठ. उजवीकडून: ६ अधिक २, आठच. ६ व्होल्टची बॅटरी इथे काही देत नाही, ती चार्ज होतेय. बाण फिरवायचाच असेल तर समीकरणं पहिल्यापासून लिहा. पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासून.

क्लासमधल्या ट्रिकांवर माझा काडीचा विश्वास नाही. कॅल्क्युलेटरचा इक्वेशन मोड चुकीची समीकरणंही बिनचूक सोडवून देतो. किर्कहॉफने १८४५ मध्ये हे नियम मांडले तेव्हा तो विद्यार्थीच होता, वय २१, असं सांगून एका सरांनी मला धीर दिला होता. मला रागच आला.

डोकं उघडलं ते अंबडला, ट्रेनिंगमध्ये. मल्टीमीटरवर उणे दिसलं म्हणून मी घाईघाईने पिना बदलायला गेले. पॅनेल वायरिंगवाले काका म्हणाले, "कशाला बदलतेस? आकडा बरोबरच आहे. काळी कुठे टेकवलीस तेवढं ध्यानात ठेव."

वेळ उरला तर वॅटही जुळवा. वरच्या गणितात १२ ची बॅटरी २४ वॅट देते. रेझिस्टन्समध्ये ८, २ आणि ८ जातात, उरलेले ६ छोट्या बॅटरीत. जुळलं की निर्धास्त पुढच्या प्रश्नाकडे वळा. एवढं येत असेल तर पास व्हाल, खरंच.

केटीच्या पेपरला एक करंट पुन्हा उणे आला. तीनदा तपासला, हात शिवशिवत होता, पण खोडला नाही.