बिबड्यांची ज्वारी भिजवण्याआधी आठवड्याचं आभाळ कसं वाचावं

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला माझ्या गच्चीवर होळीपासून मेअखेरपर्यंत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत असतात, घरचे आणि ऑर्डरचेही. ज्वारी तीन रात्री भिजते, चौथ्या दिवशी पहाटे तिचा घाटा, म्हणजे घट्ट लापशी, शिजतो, ओल्या धोतरावर थापला जातो आणि मग दोन-तीन दिवस कडक ऊन लागतं. म्हणजे ज्वारी पाण्यात टाकतानाच सहाव्या दिवसाचं आभाळ माहीत हवं. एका एप्रिलात मोबाईलवर फक्त आजचा सूर्य बघून मी पाच किलो ज्वारी भिजवली. थापणीच्या दिवशी दुपारी शेजारच्या आजींनी खालून हाक मारली, "वं माय, आभाय भरी उनं!" (अगं बाई, आभाळ भरून आलं!) धोतरं गोळा करेपर्यंत टपोरे थेंब आले. अर्धवट सुकलेले बिबडे एकमेकांना चिकटले आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला. तेव्हापासून मी अंदाज शब्दन्‌शब्द वाचते.

सगळ्यात कामाचा कागद म्हणजे हवामान खात्याचा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला. तो मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. शेतकऱ्यांसाठी असला तरी वाळवणवाल्यांनाही तेच लागतं: पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, ढग, आर्द्रता, वारा. शुक्रवारचा सल्ला वाचून त्याच रात्री ज्वारी भिजवली तर सोमवारी थापणी आणि बुधवारपर्यंत वाळवण, म्हणजे पाचही दिवस कागदात बसतात. मंगळवारचा धरला तर शुक्रवारी थापणी. पहिल्या दोन दिवसांवर भरवसा ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवसाचा नुसता कल घ्या आणि रोज सकाळी पुन्हा बघा.

बातम्यांत 'मध्य महाराष्ट्र' म्हटलं की आपल्याकडच्या बायका पान उलटतात. तसं करू नका. हवामान खात्याच्या विभागणीत जळगाव, धुळे, नंदुरबार मध्य महाराष्ट्रातच येतात.

आता शब्द. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे थोडा पाऊस असं मीही वर्षानुवर्षं समजत होते. तो शब्द जागांबद्दल आहे. अंदाज ज्या भागाचा, तिथल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला की 'तुरळक', २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी'. तुरळक पाऊस नेमका तुमच्या गच्चीवर धो धो पडू शकतो आणि शेजारच्या पारोळ्याला थेंबही नसतो. किती पडेल हे दुसरे शब्द सांगतात. २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, तिथून ६४.४ पर्यंत मध्यम, त्यापुढे जोरदार. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर पाच मिलिमीटर पडला तर सेहेचाळीस लिटर पाणी झालं. बिबड्यांना 'हलका'सुद्धा पुरे.

'अंशतः ढगाळ'ला घाबरू नका. आकाशाचे आठ भाग धरले तर त्यातले तीन-चार झाकलेले, एवढाच अर्थ. बिबडे वाळतात, एक दिवस जास्त लागतो. पण सोबत 'मेघगर्जना' आणि 'सोसाट्याचा वारा, ताशी ४० ते ५० किलोमीटर' असं असेल तर ज्वारी भिजवूच नका. चैत्र-वैशाखातले हे ढग सकाळी नसतात. जमीन तापली की दुपारनंतर उभे चढतात, म्हणून सकाळचं निरभ्र आकाश बघून फसायला होतं. पिवळा इशारा असला तर मी थापणी पुढे ढकलते. नारिंगी असला तर गच्चीवरच्या खाटासुद्धा खाली आणते.

आर्द्रतेचा आकडा बहुतेक जण बघतच नाहीत, मी तोच आधी बघते. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, म्हणून सकाळी ५० टक्के असलेली आर्द्रता दुपारी २० वर येते. आपलं ऊन वाळवणाला इतकं चांगलं ते यामुळेच. दुपारचा आकडा ४० च्या वर दिसला की पारा ४२ असला तरी बिबडा आतून ओला राहतो. माझी घरची खूण अशी: सकाळी डब्यातला जुना बिबडा काढून मोडते. कटकन मोडला तर हवा कोरडी. आधी वाकला आणि मग फाटल्यासारखा तुटला, तर दमट वारं आलंय.

तापमानाचं थोडक्यात. छापलेला ४३ हा आकडा सावलीतला, जाळीदार पांढऱ्या पेटीतल्या हवेचा असतो. स्लॅब त्याहून कितीतरी जास्त तापतो. सपाट प्रदेशात पारा ४० च्या वर आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त, किंवा सरळ ४५ झाला की 'उष्णतेची लाट' म्हणतात. आपली मेमधली सरासरीच ४२ च्या आसपास, म्हणून ४४ लाही लाट जाहीर होत नाही. तो शब्द नसला तरी अकराच्या आत थापणी उरका.

गच्चीवर असताना वीज चमकली तर गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला की धोतरं तिथेच टाकून खाली या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. बिबडे पुन्हा करता येतात.

आणि ज्वारी भिजल्यावर अंदाज फिरलाच, तर? पाणी रोज बदलत असाल तर एक दिवस आणखी निभतं. दुसऱ्या दिवशीही ढग असतील तर थोडा घाटा शिजवून गरम गरम, वर कच्चं तेल घालून पोरांना द्या. उरलेला आतल्या खोलीत खाटेवर धोतर अंथरून पातळ थापा, पंखा रात्रभर चालू ठेवा आणि ऊन पडलं की धोतरासकट गच्चीवर न्या.